दुःखाच्या घरी उपासना : हाताशी असलेल्या देणग्या कशा वापराव्यात

दुखवट्याच्या घरी चाळीस माणसं जमली. पेटी लागली, तबला लागला, संदेश (प्रवचन) पाऊण तास चालला. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती बाई स्वयंपाकघरात चहाच्या आधणापाशी उभी होती, कारण आलेल्यांना चहा दिल्याशिवाय कसं पाठवायचं? अशी ख्रिस्ती घरउपासना, म्हणजे घरी जमून केलेली प्रार्थना, मी बऱ्याचदा पाहिली आहे. दोनचारदा तर ती ठरवणारी मीच होते.

माणसं प्रेमानेच येतात, पण कामांचा क्रम चुकतो. आधी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) फोन, मग पेटीवाल्याला, मग ग्रुपवर निरोप, आणि घरच्यांना विचारणं सगळ्यांत शेवटी किंवा नाहीच. आजारपण, मृत्यू, गेलेली नोकरी, बुडालेलं पीक, पाणी शिरलेलं घर, अशा वेळी उपासना ठरवायची तर काय, कोणत्या क्रमाने करायचं ते इथे लिहिते आहे. मी नगरकडची, प्रोटेस्टंट मंडळीतली (मंडळी म्हणजे चर्चचा समाज), त्यामुळे शब्द आमच्याकडचे येतील. वसईकडे किंवा गोव्यात घरी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात तिथेही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. देणग्या, म्हणजे देवाने दिलेले गुण आणि कौशल्यं, म्हटलं की आपल्याला गाणारा, वाजवणारा, संदेश देणारा आणि लांब प्रार्थना करणारा एवढेच आठवतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातली यादी काढून बघा. दान देणारा आणि दया करणारा तिथे शिकवणाऱ्याच्याच पंगतीला बसले आहेत. निर्गमच्या ३१व्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव घेतलं आहे तो बसालेल सोनं, चांदी, लाकूड घडवणारा कारागीर होता. म्हणून गाणं ही उपासना आणि पोळ्या लाटणं ही नुसती मदत, अशी वाटणी मी पुढे कुठेही केलेली नाही.

## टप्पा १ : आधी विचारा (एक-दोन दिवस अगोदर)

घरी एकाच माणसाने जावं किंवा फोन करावा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की घरचे कंटाळून "बरं, या" म्हणतात, आणि त्या "बरं"ला काही अर्थ नसतो. जाणारा माणूस घराच्या सवयीचा हवा. पदाने मोठा असण्याची गरज नाही.

विचारायचे प्रश्न असे :

१. उपासना हवी आहे का? की आज नुसतं कोणीतरी येऊन बसावं?
२. किती जण आलेले चालतील? आकडाच विचारा. "थोडे जण" म्हणजे एखाद्याला पाच वाटतात आणि एखाद्याला पंचवीस.
३. दिवसातली कोणती वेळ बरी? आजाऱ्याचं औषध, झोप, ड्रेसिंग, नळाला पाणी येण्याची वेळ हे सगळं त्यात आलं.
४. काय नको? एखादं गीत, एखादं वचन, एखादा माणूससुद्धा.

चौथा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण सगळ्यांत उपयोगाचा तोच. एका घरी आम्ही गेलेल्या मुलाच्या आवडीचं गीत मोठ्या हौसेने निवडलं होतं. पहिली ओळ सुरू झाली आणि त्याची आई उठून आत गेली. ते गीत दफनाच्या वेळीही झालं होतं. आधी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

सावधान : ग्रुपवर निरोप टाकताना आजाराचं नाव, वॉर्ड नंबर, रिपोर्टचा फोटो, कर्जाची रक्कम यातलं काही लिहू नका. "अमुक घरासाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं. प्रार्थनेच्या विनंतीतूनच गावभर बातमी झाली की ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

तपासा : वेळ, आकडा आणि "नको"ची यादी हाती आली का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. घरच्यांनी नको म्हटलं असेल तर उपासना आपल्या घरी करा आणि त्यांना डबा पाठवा.

## टप्पा २ : देणग्यांची वही

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, म्हणून याच्यावर जरा जास्त वेळ घालवते.

साधी शंभर पानी वही घ्या. २ राजेच्या चौथ्या अध्यायातली विधवा आठवा. सावकार तिची मुलं न्यायला आलेला असताना अलीशा संदेष्ट्याने तिला पहिल्यांदा विचारलं की तुझ्या घरात काय आहे. तिच्याकडे तेलाचं एक भांडं होतं. शेजाऱ्यांकडची रिकामी भांडी मागायची पाळी त्यानंतर आली. वहीचाही क्रम तोच ठेवा. पहिलं पान त्या घराचं, मग शेजाराचं, मग मंडळीचं.

### घरच्यांचं पान

दुःखात असलेल्या माणसाकडून काही घेऊ नये असं आपल्याला वाटतं. म्हणून आपण त्याला खुर्चीत बसवतो आणि त्याच्याभोवती कार्यक्रम करतो. पण बिछान्यावरच्या आजोबांना स्तोत्रं तोंडपाठ असतात, कारण त्यांच्या लहानपणी शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) ती घोकून घेत. त्यांच्याकडून एक म्हणवून घ्या. आवाज कापला, मध्ये धाप लागली, तरी थांबायचं आणि वाट बघायची. ओळ विसरली तर पटकन पूर्ण करून देऊ नका. दहाबारा आकडे मनात मोजा. बहुतेक वेळा आठवते.

घरातल्या पोरांनाही विसरू नका. तबला वाजवता येत नसेल, स्टीलचा डबा वाजवता येतो. आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने आजीच्या आजारपणात रोज फळ्यावर एक वचन खडूने लिहायचं काम घेतलं होतं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कोणी दुरुस्त केल्या नाहीत.

### मंडळीचं पान

इथे पदं लिहू नका. "महिला मंडळ सेक्रेटरी" ही देणगी नाही. "पन्नास पोळ्या एकटीने करते" ही देणगी आहे. नावापुढे क्रियापद आलंच पाहिजे. माझ्या वहीतल्या काही नोंदी, नावं गाळून :

- रिक्षा चालवतो, रात्री ११ नंतरही येतो
- इंजेक्शन देते, बीपी बघते
- इन्शुरन्सचे आणि बँकेचे कागद लावून देतो
- पट्टी न चुकता गीत उचलते, पेटी लागत नाही
- म्हाताऱ्या माणसांशी तासभर बोलतो, घड्याळ बघत नाही
- मिक्सर, गिझर, फ्यूज दुरुस्त करतो
- गप्प बसते

शेवटची नोंद गंमत म्हणून लिहिलेली नाही. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर ते बरे होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. गप्प बसता येणारी माणसं मंडळीत दोन-तीनच असतात. ती आधी शोधून ठेवा.

### हातांचं काम : गोधडीचं उदाहरण

यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं काढून दाखवली, असं प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात आहे. रडणाऱ्या बायकांनी पुढे केले ते शिवलेले कपडे. त्याच धर्तीवर आमच्याकडे दोनदा गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी केली. करायची असेल तर असं करा :

कपडे मागायची घाई नको. महिनाभर तरी थांबा, आणि घरच्यांनी आपणहून कपाट उघडलं तरच विषय काढा. कोणते कापायचे आणि कोणते तसेच ठेवायचे हे त्यांनी वेगळं करून द्यायचं. कपडे धुवायचे की नाही तेही त्यांनाच विचारा. एका बाईंनी नवऱ्याचा एक सदरा न धुता ठेवला होता आणि आम्ही बाकीच्यांबरोबर तो बादलीत बुडवला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कापणं त्यांच्यासमोर करू नका. खिसा असलेला तुकडा खिशासकट ठेवा, बटणांची पट्टीही. खाली-वर जुन्या मऊ साड्यांचे थर, मधे ही ठिगळं, आणि कडेपासून आत धावदोरा. मोठी गोधडी धरू नका, अर्धवट राहते. खांद्यावर घेता येईल एवढी पुरे. आमच्या चौघींना पाच दुपारी लागल्या. दर दुपारी सुरुवातीला एक स्तोत्र वाचायचं, मग शिवायचं, आणि बोलणं निघालं तर त्या माणसाबद्दलच. शेवटच्या दुपारी घरच्या माणसाला बोलावून अखेरचे चार टाके त्याच्या हातून घालून घ्यायचे.

नेहमीच्या चुका : वहीत तीच चार नावं पुन्हापुन्हा येणं. त्याच महिन्यात ज्याच्या स्वतःच्या घरी दुःख झालं त्यालाच "तुला अनुभव आहे" म्हणून पुढे करणं. आणि "काही लागलं तर सांगा" असं म्हणून येणं. काय लागेल ते त्यांनाही कळत नसतं. "गुरुवारी संध्याकाळी आठ पोळ्या आणि भाजी आणते" असं बोला.

## टप्पा ३ : जागा, वेळ आणि आजाऱ्याची खोली

एकूण वेळ अर्धा तास. आजाऱ्याच्या खोलीत दहा मिनिटं, आणि तिथे तीनपेक्षा जास्त माणसं नकोत. बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत किंवा ओसरीवर बसावं, दार उघडं ठेवावं. चाळीत भिंत एकच असते, शेजाऱ्याच्या पोराची परीक्षा असते. माइक-स्पीकर आणूच नका.

बसायला सतरंजी आपली न्यावी. घरच्यांना खुर्च्या मागायला शेजारी धावायला लावू नये. चहा-पाणी कोण बघणार ते वहीतून आधीच ठरवा, आणि ते माणूस त्या घरचं नसावं. थर्मास भरून नेला तर गॅसपाशी कोणाला उभंच राहावं लागत नाही.

पेटी न्यायची का? बहुतेक वेळा नको. न्यायचीच असेल तर वाजवणाऱ्याला सांगा की आज पट्टी गाणाऱ्यांची, त्याच्या सोयीची नाही. पुरुष सवयीने काळी एक ही पट्टी धरतात, बायकामुलं जास्त असली की खाली घुटमळतात आणि मग कोणीच गात नाही. टाळ्या नाहीत, झांज नाही. हातावर हात ठेवून अभंगाच्या किंवा ओवीच्या चालीचं एखादं गीत बिनवाद्याचं म्हटलं की घर भरून जातं.

सावधान, ऑक्सिजन : घरात ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर त्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, दिवा काहीही पेटवू नका. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण चादरीला किंवा केसांना लागलेली ठिणगी तो क्षणात भडकवतो. प्रकाशच हवा असेल तर खिडकी उघडा. याकोबाच्या पत्रातल्याप्रमाणे (५:१४) वडील मंडळी तेल लावून प्रार्थना करणार असतील तर तेल हातावर लावा, मास्कच्या किंवा नळीच्या जवळ चेहऱ्यावर नको.

सावधान, खाऊ : डायलिसिसवरच्या माणसाला प्रेमाने शहाळं नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम त्याला धोक्याचं, आणि दिवसाचं पाणीही मोजून असतं. केळ्यांचंही तेच. मधुमेह असलेल्याच्या उशाशी केकचा डबा ठेवून येणारे लोक मी पाहिले आहेत. काय चालतं ते विचारा. केमोथेरपी चालू असलेल्या घरी सर्दी-खोकला असलेल्याने जाऊच नये, कितीही गोड गळा असला तरी. आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करा, असं बोलणाऱ्याला त्या घरी नेऊ नका.

तपासा : सतरंजी, थर्मास, दोन गीतपुस्तकं, मोठ्या टाइपाचं पवित्र शास्त्र (बायबल), वाचणाऱ्याचा चष्मा. हसू नका, चष्मा विसरल्यामुळे आमचं वाचन दोनदा मोबाइलच्या टॉर्चवर झालं आहे.

## टप्पा ४ : प्रत्यक्ष उपासना

क्रम बदलू नका. आपल्याकडे गीत-प्रार्थना-गीत-साक्ष-गीत-संदेश अशी रेल्वे लागते आणि घरचं माणूस शेवटच्या डब्यात बसतं.

१. शांतता (एक मिनिट). येऊन बसा, चपलांचे आवाज थांबू द्या. "आपण डोळे मिटू या" याच्यापुढे प्रस्तावना नको.

२. एक गीत, दोनच कडवी. सगळ्यांना पाठ असलेलं. नवीन चाल शिकवायची ही जागा नाही.

३. विलापाचं स्तोत्र (तीन-चार मिनिटं). इथे सगळ्यांत मोठी चूक होते. आपण थेट "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा"वर जातो, किंवा "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले"वर. ती वचनं खरीच आहेत, पण ती दुःख भोगणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायची. पाहुण्याने म्हटली की माणसाला वाटतं आपलं रडणं चुकलं. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांतच "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. जास्त अंधार असेल तर ८८. ते शेवटपर्यंत उजाडत नाही, काळोखातच संपतं. काही घरांत तेच वाचावं लागतं आणि वाचल्यावर "पण" म्हणून पुढे काही जोडायचं नसतं.

पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचण्याचा मोह होतो, अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी हर्ष करीन, असा. ते हबक्कूक स्वतःबद्दल बोलतो आहे. त्या शेतकऱ्याने निवडलं तर जरूर वाचा. आपण निवडू नये.

वाचन वहीतल्या कोणाकडून तरी करून घ्या, नेहमीच्या वाचकाकडून नको. शाळेत न गेलेल्या बाईला एक ओळ आधी पाठ करून देता येते.

४. घरच्यांची वेळ (जितकी लागेल). "कोणाला काही बोलायचं आहे का?" एवढंच विचारा आणि थांबा. कोणी बोललं नाही तर नाही. साक्ष द्या, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगा, म्हणून आग्रह नको. रडलं तर पाण्याचा ग्लास पुढे करा, पाठीवरून हात फिरवा, "रडू नका" म्हणू नका. रोमकरांस पत्राच्या त्याच १२व्या अध्यायात रडणाऱ्यांबरोबर रडा असं आहे.

५. हातातलं पुढे ठेवणं (पाच मिनिटं). हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवख्यांना हाच अवघड जातो. ज्याने जे आणलं ते मधे चटईवर ठेवायचं. पोळ्यांचा डबा. भरून आणलेला पेन्शनचा अर्ज. दुरुस्त केलेला मिक्सर. किंवा नुसती चिठ्ठी : "सोमवार ते बुधवार दवाखान्यात रात्री मी झोपेन." प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, "देवा, हे तुझं, या घरासाठी." नाव सांगायचं नाही, किंमत सांगायची नाही, हे कसं मिळवलं त्याची कथा तर नाहीच.

पैसे असतील तर इथे ठेवू नका. पाकीट वेगळं, दोघांनी मोजलेलं, वहीत रक्कम लिहिलेली, आणि निघताना हळूच दिलेलं.

६. प्रार्थना (तीन मिनिटं). एकाने करायची. पाच जणांनी साखळीने केली की पाचवा माणूस पहिल्या चौघांनी सांगितलेलं देवाला परत सांगतो. आजाऱ्याचं नाव घ्या, औषध देणाऱ्यांचं घ्या, रात्री जागणाऱ्याचं घ्या. प्रार्थनेच्या आडून घरच्यांना उपदेश नको.

७. प्रभूची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून. कॅथोलिक शेजारी आले असतील तर आधी सांगून ठेवा की शब्द थोडे वेगळे आहेत, आणि शेवटचं "राज्य, सामर्थ्य, गौरव" ते इथे म्हणत नाहीत. नाही तर ते थांबतात, आपण पुढे जातो आणि दोघंही ओशाळतात.

८. आशीर्वाद, आणि उठणं. संदेश द्यायचाच असेल तर वाचनानंतर पाच मिनिटं, बसून, आवाज न चढवता. मी तर गाळते.

सावधान : चटईवरची भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली तर ते प्रीतिभोजन. त्याला प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा चर्चचा विधी) म्हणू नका आणि तसे शब्दही वापरू नका. प्रभुभोजन हवं असेल तर आमच्या उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) दीक्षा झालेल्या पाळकांना बोलवावं लागतं. कॅथोलिक घरी फादरांना कळवा. आजाऱ्याला कम्युनियन (प्रभुभोजन) आणि अभ्यंग संस्कार (तेल लावून केलेली प्रार्थना) घरी देता येतो, आणि तो शेवटच्या घटकेपर्यंत लांबवण्याचं काही कारण नाही.

## घराबाहेर पडता येत नसेल तर

२०२० साली ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा, पाम संडे) आला तेव्हा टाळेबंदीला दोन आठवडेही झाले नव्हते. चर्चला कुलूप. झावळ्या कुठून आणणार? आम्ही दारातल्या कडुनिंबाची डहाळी तोडली, शेजारच्यांनी शेवग्याची. बारा घरांनी बारा तऱ्हेचा पाला दाराला लावला.

तेव्हा फोनवर शिकलो ते अजून कामाला येतं. परदेशात मुलं असलेल्या घरांत तर दर दुखवट्याला लागतं. फोनवर सगळ्यांनी एकत्र गायचं नाही. आवाज मागेपुढे पोचतो आणि गलका होतो. एकाने गायचं, बाकीच्यांनी आपला माइक बंद करून आपापल्या घरी त्याच्याबरोबर गायचं. वाचन एकाकडे, प्रार्थना दुसऱ्याकडे, आणि घरच्या माणसाचा कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नाही.

## पाणी शिरलेल्या घरात

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैत चिपळूण-महाडला जे झालं त्यानंतर हे लिहायलाच हवं. चिखल असताना बसून उपासना करायची नसते. आधी खराटा आणि फावडं. काम करता करता गीत म्हणा, चिखल ओढण्याला ठेका चांगला लागतो. बसायचं ते फरशी वाळल्यावर.

घरचं पवित्र शास्त्र भिजलेलं असेल तर ते पहिल्यांदा हातात घ्या. आपल्याकडे त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा लिहिलेल्या असतात, आणि त्या दुसरीकडे कुठेच नसतात. ते कसं वाळवायचं :

१. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. बंद पुस्तक स्वच्छ पाण्यात हलकं बुचकळून वरचा गाळ घालवा, पण तारखा पेनाने किंवा शाईने लिहिलेल्या असतील तर हे टाळा, शाई वाहून जाईल.
२. पुस्तक उभं करून पाणी निथळू द्या.
३. थोडं वाळलं की दर पंधरावीस पानांत कोरा पांढरा कागद सरकवा, भिजला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.
४. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं की पानं वाकडी होतात.
५. लगेच हात लावता येणार नसेल आणि कोणाकडे वीज असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, मग सवडीने वाळवा.
६. वाळल्यावर तारखांच्या पानाचा फोटो काढून दोन नातेवाइकांना पाठवा.

हे काम ज्याच्या हाताला घाई नाही त्याला द्या. वहीत तसा एक तरी सापडतो. घरी पहिली उपासना होईल तेव्हा वाचन याच पुस्तकातून करा, पानं फुगलेली असली तरी.

## टप्पा ५ : दुसऱ्या आठवड्यापासून पुढे

पहिल्या चार दिवसांत घरात डबे ठेवायला जागा नसते. पंधराव्या दिवशी कोणी येत नाही. म्हणून वहीतली कामं एकदम वापरून टाकू नका. तारखा घाला : पहिला आठवडा दोघं, दुसरा दोघं, तिसरा दोघं. महिना झाला की पुन्हा फोन, आणि वाढदिवस, नाताळ, गेलेल्याचं पहिलं वर्ष यांच्यापुढे खूण.

धान्य लागतं तिथे मुठीची पद्धत चांगली. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून बायका दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, मंडळी तो गोळा करते. त्याला तिकडे बुहफाइ थाम म्हणतात. आपल्याकडे मूठ ज्वारीची किंवा तांदळाची. एका घराची मूठ दिसतही नाही, पण वीस घरांनी महिनाभर काढली की एका घराचं सहज भागतं. एकच काळजी घ्या : वेगवेगळ्या घरचा तांदूळ एकत्र करू नका, शिजायला वेगवेगळा वेळ लागतो आणि अर्धा भात कच्चा राहतो. जुना जुन्यात, नवा नव्यात. ज्वारी चाळून, किडे बघून द्या.

तपासा : ज्याने चिठ्ठीवर "सोमवार ते बुधवार" लिहिलं तो गेला का? न गेल्यास रागावू नका, दुसऱ्याला पाठवा, पण पुढच्या वेळी त्याच्याकडून चिठ्ठी घेऊ नका. चटईवर ठेवलेलं न पाळणं घरच्यांना फार लागतं.

आणि डबे. आलेला डबा रिकामा परत देऊ नये ही आपल्याकडची रीत आहे, त्यामुळे दुःखातली बाई पंधरा डब्यांत काय घालू या विचारात पडते. डबा देतानाच सांगा की परत करताना काही घालायचं नाही. झाकणाला आतून नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा, आणि शनिवारी एकाने पिशवी घेऊन जाऊन सगळे डबे गोळा करून आणा.